सिनेमा पाहणाऱ्यांचा निवाडा

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रात वसंत ऋतू हा आंब्यांइतकाच व्याख्यानांचाही ऋतू होऊन बसला आहे. या व्यासपीठावर इतिहास, शेती, अर्थकारण, संतवाङ्मय असे वजनदार विषय बोलले जातात. म्हणून आम्ही सिनेमाचा विषय सुचविला तेव्हा संयोजकांपैकी एकजण हसून म्हणाले, “अप्पा, तुम्ही मजुरांविषयी बोलाल असे आम्ही धरून चाललो होतो.” आम्ही त्यांस म्हटले, आम्ही मजुरांविषयीच बोलणार आहोत.

सिनेमा काढणाऱ्यांचा इतिहास लिहिला गेला आहे. त्यात काम करणाऱ्या नटनट्यांची चरित्रेही पुष्कळ झाली आहेत. परंतु सिनेमाच्या व्यवहारात एक तिसरा पक्ष असतो. तो खिडकीवर पैसे मोजतो, अंधारात बसतो, आणि बाहेर पडताना शेजाऱ्याला काहीतरी म्हणतो. “बाप्पा, काय काम केले आहे!” म्हणतो, नाहीतर “पैसे पाण्यात गेले” म्हणतो. ह्या म्हणण्याचा इतिहास कोणी फारसा लिहीत नाही. कारण ते म्हणणे हवेत विरून जाते, त्याची नोंद राहत नाही. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण वाचनालयाने केले आणि त्यापुढचे मजुरांनी. तेव्हा पंडितांनी सोडलेला हा कोपरा आमच्यासारख्याने झाडावयास हरकत नसावी.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्या माणसाला गावच्या पंचायतीत, मालकाच्या पेढीवर किंवा सरकारी कचेरीत कोणी “तुझे मत काय?” म्हणून विचारले नाही, त्याने आपले मत मांडण्याची, दुसऱ्याचे खोडून काढण्याची आणि प्रसंगी आपले मागे घेण्याची पहिली तालीम पुष्कळदा सिनेमावर बोलता बोलताच घेतली. हे बोलणे रिकामटेकड्यांचे आहे असे मानण्यात आपण चूक करीत आलो आहोत.

आता इतिहासाकडे वळू. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी लुमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविण्यात आली. तिकीट होते एक रुपया. त्या काळी रुपया ही मजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीची रक्कम. म्हणजे पहिल्या दिवशी सिनेमा पाहून मत देणारे सारे लोक साहेब आणि शेठ होते. मजुरापर्यंत सिनेमा पोहोचला तो तंबूतून.

आपल्या नंदुरबारवरून जाणाऱ्या तापीकाठच्या रेल्वेचे एक टोक भुसावळला आहे आणि दुसरे सुरतेला. ह्या सुरतेच्या टोकाला आमच्या विषयाचे पहिले दोन धडे सापडतात. पहिला धडा अब्दुलअली युसुफअली ह्या सुरतेच्या गृहस्थाचा. ह्याने १९०१ ते १९०७ पर्यंत ब्रह्मदेश, सिंगापूर अशा पूर्वेकडील मुलखांत आणि १९०८ पासून १९१४ पर्यंत हिंदुस्थानभर तंबू घेऊन सिनेमा दाखविला. त्याचा तंबू शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद असे, आणि त्यात सुमारे हजार माणसे बसत. अशा फिरत्या माणसाला प्रेक्षकांचे मत समजून घेण्यावाचून गत्यंतरच नसते. गावाला खेळ आवडला नाही तर दुसऱ्या रात्री तंबू ओस पडणार! हाच गृहस्थ पुढे मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमाचा एक भागीदार झाला, आणि त्याच मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट लागला. बोलपटाच्या दारापाशी पोहोचलेला हा माणूस तंबूतल्या प्रेक्षकांनी शिकविलेला होता.

दुसरा धडा खुद्द दादासाहेब फाळक्यांचा. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या ह्या माणसाचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमात लागला, हे शाळेतले मूलही सांगेल. पण तोच चित्रपट सुरतेस नेला तेव्हा पहिल्या दिवशी गल्ला जेमतेम तीन रुपये झाला, अशी हकीगत सांगितली जाते. कारण साधे होते. तेथल्या प्रेक्षकाला दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहण्याची सवय. तो तीन आणे देऊन तास-दीड तासाचा खेळ कशाला पाहील? फाळक्यांनी खेळ लांबविला नाही की दर उतरविला नाही. त्यांनी जाहिरात केली की सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा हा खेळ अवघ्या तीन आण्यांत पाहावयास मिळेल. आणि गल्ला वाढला! ह्या गोष्टीवर आपण हसतो ते फाळक्यांच्या युक्तीला. पण प्रेक्षकाची बाजूही पाहावी. त्याचे पहिले मत कलेविषयी नव्हते, ते दामाविषयी होते. घामाचा पैसा देणाऱ्याने आधी माप पाहावे हा काही अडाणीपणा नव्हे. आमच्या मिरचीच्या पथारीवरील बाई मजुरी घेताना आधी काटा पाहते, तशातलाच हा प्रकार.

सरकारने प्रेक्षकांचे मत विचारले ते १९२७ साली. त्या वर्षी दिवाणबहादूर रंगाचारियर ह्यांच्या अध्यक्षतेखाली सिनेमाच्या चौकशीसाठी एक समिती नेमण्यात आली. समितीने ४,३२५ प्रश्नपत्रिका धाडल्या, त्यांपैकी १,४९१ जणांनी उत्तरे दिली, आणि ३५३ साक्षीदारांच्या तोंडी जबान्या घेण्यात आल्या. साम्राज्यात तयार झालेल्या चित्रपटांना हिंदुस्थानात खास सवलत द्यावी अशी सरकारपक्षाची इच्छा होती; समितीने १९२८ च्या अहवालात ती मान्य केली नाही, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. देशी लोकांना देशी चित्रपट अधिक आवडतात, हेही तिने स्वच्छ नमूद केले. पण साक्षीदार कोण होते? अधिकारी, संपादक, शिक्षक, वकील, सिनेमागृहांचे मालक. मजुरांना मारामारीचे आणि पौराणिक चित्रपट आवडतात, असे त्यांनी समितीला सांगितले. मजुराविषयी साक्ष झाली. मजुराची साक्ष मात्र झाली नाही. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाला ही रीत ओळखीची आहे. आमच्या मजुरीचे दर ठरविणाऱ्या बैठकाही बहुधा अशाच भरतात.

न विचारलेल्या ह्या माणसाने आपला निवाडा तिकिटाच्या खिडकीवर दिला, आणि तो कसा दिला ह्याची दोन उदाहरणे पुढच्याच दशकात सापडतात. पहिले उदाहरण १९३५ च्या ‘हंटरवाली’चे. वाडिया मुव्हिटोनच्या ह्या चित्रपटात नादिया नावाची गोरी, धिप्पाड बाई घोड्यावरून दौड मारीत दुष्टांना चाबकाने फोडून काढीत असे. शिकलेल्यांनी नाके मुरडली. गिरणीकामगारांनी आणि गल्लीतल्या पोरांनी तिला डोक्यावर घेतले. गुलामीत दिवस काढणाऱ्या माणसाला अन्यायाच्या पाठीवर चाबूक पडताना पाहून बरे वाटले, ह्यात नवल कसले? आज तेच चित्रपट अभ्यासाचे विषय झाले आहेत, आणि १९९३ साली नादियाच्या कारकिर्दीवर स्वतंत्र माहितीपटही निघाला. पिटातल्या प्रेक्षकाचा निवाडा पंडितांनी उचलून धरावयास साठ वर्षे लागली.

दुसरे उदाहरण प्रभातच्या ‘संत तुकाराम’चे. दामले आणि फत्तेलाल ह्यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३६ साली आला आणि मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. विष्णुपंत पागनीसांच्या ठिकाणी लोकांना प्रत्यक्ष तुकोबाच दिसत, आणि कित्येकजण त्यांना हात जोडत. हे झाले भक्तीचे. पण आमच्या आजीच्या तोंडी आम्ही जे ऐकले ते वेगळेच होते. ती म्हणे, “तुकोबा थोर खरेच, पण चूल आवलीची होती.” तुकोबांची बायको झालेल्या गौरी ह्या प्रभातमध्ये साध्या कामगार म्हणून आलेल्या होत्या. विमानाकडे डोळे लावून बसलेल्या प्रेक्षकांत, पोरांच्या पोटाची चिंता करणाऱ्या त्या फटकळ बाईच्या बाजूने मत देणाऱ्या बायकाही होत्या. ते मत कोठे छापून आले नाही. ते आम्हांला चुलीपाशी मिळाले.

छापून येणाऱ्या मताचा मार्ग निराळा होता. बाबूराव पटेलांनी १९३५ साली ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक काढले. त्यातील वाचकांचे प्रश्न आणि संपादकाची तिखट उत्तरे ह्यांसाठी लोक अंकाची वाट पाहत. देशाच्या कोपऱ्यातला कोणीही वाचक नटाविषयी, नटीविषयी, अगदी राजकारणाविषयीही विचारी, आणि बाबूराव त्याला उत्तरात फटकारीत. पुढे मराठीतही सिनेमाला वाहिलेली नियतकालिके निघाली. नाशिकचे ‘रसरंग’ खानदेशातल्या केशकर्तनालयांतून आणि एस. टी. स्थानकांवरून हातोहात फिरत असे. एक वाची आणि चारजण ऐकत. आम्ही मोठ्याने वाचावयास शिकलो ते अशा दुकानातल्या बाकावर.

ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी रेडिओ आला. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पहिल्या कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि पुढे आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत येऊ लागली, असे निवेदक अमीन सयानी ह्यांनीच सांगून ठेवले आहे. पुढे गाण्यांचा क्रम लावताना दुकानांतील तबकड्यांचा खप आणि ठिकठिकाणच्या श्रोता संघांची मते विचारात घेतली जात. श्रोता संघ म्हणजे काय? एका रेडिओभोवती जमलेली दहापंधरा माणसे. ती गाणी ऐकत, हुज्जत घालीत, आणि शेवटी सर्वांच्या नावाने एक पोस्टकार्ड लिहीत. आमच्या डोळ्यांना तर ती ठराव पास करणारी सभाच दिसते. हात वर करून बहुमत घेण्याची पद्धत पुष्कळ पोरांनी तेथे शिकली.

आणि १९५४ साली एक फार चांगली गोष्ट घडली. ‘फिल्मफेअर’ मासिकाने पारितोषिके सुरू केली आणि पहिल्या वर्षी ती वाचकांच्या मतांनी ठरविली. वीस हजारांहून अधिक वाचकांनी मते धाडली. अवघी पाच पारितोषिके होती. उत्कृष्ट चित्रपट म्हणून लोकांनी निवडला बिमल रॉय ह्यांचा ‘दो बिघा जमीन’. गिरणी उभारण्यासाठी जमीनदाराला ज्याची दोन बिघे जमीन हवी आहे तो शंभू महातो, कर्ज फेडण्यासाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो आणि तरीही जमीन जाते, अशी ती कथा. दिग्दर्शनाचे पारितोषिकही बिमल रॉय ह्यांनाच मिळाले. शंभूचे काम करणारे बलराज साहनी मात्र राहून गेले, नटाचे पारितोषिक ‘दाग’साठी दिलीपकुमारांना मिळाले. हे मतदान इंग्रजी मासिकाच्या वाचकांचे होते, त्यात रिक्षावाला नव्हता. तरीही त्या वाचकांनी रिक्षावाल्याच्या कथेला कौल दिला, हे आम्ही विसरत नाही. शिकलेल्यांची सहानुभूती नेहमीच पोकळ असते असे म्हणणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना आम्ही हे उदाहरण देतो. आणि पुढे १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली व आदिवासींच्या गेलेल्या जमिनींचा प्रश्न तिने ऐरणीवर आणला, तेव्हा शंभू महातो बंगालात नाही, आपल्या तापीकाठीच राहतो, हे सर्वांना दिसले.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. आम्ही सांगतो ती गोष्ट त्याआधीची, १९८५ च्या सुमाराची आहे. शहादे तालुक्यातील सारंगखेड्यास तापीच्या काठी दत्तजयंतीपासून मोठी यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ती देशभर प्रसिद्ध आहे. यात्रेत तमाशाच्या कनाती लागत आणि सिनेमाचे तंबूही. मालमोटारीत यंत्र, बाहेर धडधडणारे जनरेटर, जमिनीवर बैठक, मध्ये दोर बांधून एका बाजूस बाया आणि एका बाजूस पुरुष. रीळ तुटले की तंबूभर शिट्या, आणि रीळ जोडीपर्यंत जो तो पुढची गोष्ट सांगत असे. थंडी अशी की गोधडीत शिरून सिनेमा पाहावा लागे.

त्या रात्री ‘दीवार’ होता. हा चित्रपट १९७५ चा, म्हणजे आमच्या तंबूत तो दहा वर्षांचा म्हातारा होऊन आला होता. सलीम-जावेद ह्यांची कथा, यश चोप्रांचे दिग्दर्शन. लोक अमिताभ बच्चनला पाहावयास आले होते. पण परतताना, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, चर्चा झाली ती अमिताभची नव्हे, त्याच्या बापाची. आपल्याला आठवत असेल, तो बाप कामगारांचा पुढारी असतो. मालक त्याच्या बायकामुलांना डांबून ठेवतो आणि त्याच्याकडून मजुरांच्या विरुद्ध करारावर सही घेतो. मग ज्यांनी त्याला खांद्यावर घेतले तेच लोक त्याला तुडवितात, तो गाव सोडून परागंदा होतो, आणि मुलाच्या हातावर बाप चोर असल्याचे गोंदले जाते.

ट्रॉलीत एक म्हातारा सालदार होता. जन्मभर दुसऱ्याच्या शेतावर सालाने राबलेला. तो म्हणाला, “पोरेस्ना जीव वाचाडा त्यानी, त्याले चोर कसा म्हनतस?” एक तरुण ऊसतोड्या उसळला. पुढाऱ्याने पुढारपण घेतले म्हणजे घरदार पणाला लागले, हे त्याला आधीच ठाऊक असावयास हवे होते, असे त्याचे म्हणणे. तिसरा म्हणाला, दोष मालकाचा, तुम्ही दोघे बापाशी का भांडता? अर्धा तास ट्रॉली गाजत होती. शेवटी कोपऱ्यात पोराला मांडीवर घेऊन बसलेली एक बाई, जी इतका वेळ एक अक्षर बोलली नव्हती, ती म्हणाली, “सही करानं आंगोदर मानसेसले इचारानं व्हतं.” सही करण्याच्या आधी माणसांना विचारावयाचे होते! सगळे गप्प झाले. म्हाताराही आणि तरुणही. कारण दोघांच्याही वादात न आलेला मुद्दा तिने काढला होता. सही केली हा गुन्हा असो वा नसो. लोकांना अंधारात ठेवून केली, तेथे बाप चुकला.

आम्ही तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे होतो. ते वाक्य आम्ही ऐकले आणि विसरून गेलो. पुढे पंधराएक वर्षांनी ते व्याजासह वसूल झाले.

मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल गालिचे अंथरल्यासारखी मिरची वाळत पडते, आणि शेकडो बाया देठ खुडावयास बसतात. बोटांची आग रात्रभर राहते. घरी गेल्यावर लेकराच्या तोंडाला हात लावता येत नाही. त्या वर्षी आम्ही एका पथारीवर दरवाढीसाठी काम बंद ठेवले होते. आठवडा गेला, हंगाम सरत आला. एका रात्री मालकाकडून बोलावणे आले. मागितले त्याच्या निम्मी वाढ देण्याची तयारी होती, मात्र सही त्याच वेळी हवी होती. घरोघर चुली विझत चालल्या आहेत हे आम्हांला दिसत होते. आम्ही सही केली. आमची नियत वाईट नव्हती, आणि आजही आम्ही म्हणू की आकडा अगदीच वाईट नव्हता.

सकाळी निंबाच्या झाडाखाली बायांना करार वाचून दाखविला. कोणी ओरडले नाही. एक बाई उठली, पदर खोचला आणि म्हणाली, “भाऊ, तुम्ही ते दीवारमधला बाप व्हयनात.” त्यावर काही जणी हसल्या. आम्हांला मात्र जमीन दुभंगेल तर बरे असे झाले. ही बाई ट्रॉलीतली नव्हे. तिने तो चित्रपट निराळ्याच वर्षी, निराळ्याच तंबूत पाहिला असणार. पण तिच्या मैत्रिणींत, तिच्या पथारीवर, त्या बापाचा निवाडा आधीच झालेला होता, आणि तो ट्रॉलीतल्या निवाड्याशी जुळत होता. आमच्या तोंडावर फेकण्यास तिला कायद्याचे कलम ठाऊक नव्हते, संघटनेची घटना तिने वाचली नव्हती. तिच्याकडे एक सिनेमा होता आणि त्यावर शेजारणींशी केलेली चर्चा होती. तेवढ्यावर तिने आम्हांला कोर्टात उभे केले. त्या दिवसापासून आमच्या संघटनेत मसुदा सभेपुढे मोठ्याने वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही होत नाही. हा नियम कोणत्या पुस्तकातून आला असे कोणी विचारले तर आम्ही खरे ते सांगतो.

म्हणून सिनेमावरील गप्पांना आम्ही हलके मानीत नाही. पण येथे कोणी असे समजू नये की आमच्या लोकांचा निवाडा नेहमी बरोबरच असतो. त्याच तंबूत पडद्यावर बाईची अब्रू जात असताना दोराच्या ह्या बाजूने शिट्या ऐकू येत, आणि दोराच्या त्या बाजूस एकदम शांतता पसरे. आवडत्या नटाच्या अपमानावरून डोकी फुटलेली आम्ही पाहिली आहेत. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा लोक चपला बाहेर काढून आत जात आणि पडद्यावर पैसे उधळीत. भक्तीला आमचा विरोध नाही, पण भक्तीत निवाडा संपतो हे खरे. नटाचा भक्त आणि चित्रपटाचा प्रेक्षक हे दोघे एकाच शरीरात राहतात, आणि त्यांपैकी कोण बोलत आहे हे पाहावे लागते.

आणखी एक गोष्ट. आपला जिल्हा भिल्ल, पावरा, मावची ह्या बांधवांचा. हिंदी चित्रपटांत जंगलातला माणूस आला की तो पिसे खोचून, अर्थ नसलेले शब्द ओरडत, नायकाभोवती नाचावयाचा, ही रीत पुष्कळ वर्षे चालली. तंबूतले बिगरआदिवासी हसत. एकदा अक्राणीकडच्या एका तरुणाला आम्ही विचारले, तुला काय वाटले? तो म्हणाला, “आमच्यात असे कोणी नाचत नाही. हे त्यांचेच नाचणे आहे.” एवढे नेमके परीक्षण आम्ही कोठल्याही मासिकात वाचले नाही.

ह्याच संदर्भात १९८० चा ‘आक्रोश’ सांगितला पाहिजे. विजय तेंडुलकरांची कथा, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन. ओम पुरी ह्यांनी केलेला लहान्या भिकू हा आदिवासी मजूर बायकोच्या खुनाच्या खोट्या आरोपाखाली तुरुंगात असतो आणि जवळजवळ सबंध चित्रपटभर बोलत नाही. त्याचा वकील त्याला परोपरीने विचारतो, तो गप्प. आम्ही हा चित्रपट संघटनेच्या खोलीत, लहानशा दूरचित्रवाणी संचावर, वीस-पंचवीस मजुरांसह पाहिला. एक शिक्षक सोबत होते, ते म्हणाले, हा बोलत का नाही, बोलला असता तर सुटला असता. मजुरांतून उत्तर आले, “गुरुजी, बोलून कोण सुटला आहे?” त्या चित्रपटात लहान्याची बायको झालेल्या स्मिता पाटील ह्या खानदेशच्याच. शिरपूरचे स्वातंत्र्यसैनिक शिवाजीराव पाटील ह्यांची ती कन्या. तिच्याविषयी आमच्या बायांचे मत दोन शब्दांचे होते: “खरी शे.” ‘मंथन’, ‘जैत रे जैत’, ‘उंबरठा’ ह्या चित्रपटांवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले, पण १३ डिसेंबर १९८६ रोजी ती अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेली तेव्हा इकडच्या घरांतून जी हळहळ झाली, तिचे मूळ त्या दोन शब्दांत होते.

‘मंथन’वरून आठवले. १९७६ च्या ह्या चित्रपटाला आपल्या शेजारच्या गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन भांडवल उभे केले. नवापूरच्या रेल्वे स्थानकावर दोन्ही राज्यांची हद्द फलाटावरूनच जाते. तेव्हा ते लोक आपल्याला काही परके नव्हेत. पाहणाराच निर्माता झाला, असे हे उदाहरण.

त्याहून पुढची पायरी मालेगावने गाठली. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. तेथे शुक्रवारी माग बंद असतात आणि कामगार सिनेमाला जातो. तेथल्या नासिर शेख नावाच्या तरुणाने शेजारीपाजारी गोळा करून, साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर, २००० सालाच्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. गाव लोटले. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला तेव्हा सुपरमॅन झाला शफीक नावाचा हडकुळा यंत्रमाग कामगार. त्या खटाटोपावर फैजा अहमद खान ह्यांनी केलेला माहितीपट जगभर गेला, आणि २०२४ साली रीमा कागती ह्यांनी त्यावर मोठा चित्रपटही काढला. शफीक मात्र तोवर कर्करोगाने गेला होता. लोक ह्या चित्रपटांना नक्कल म्हणतात. आमच्या मते ते परीक्षण आहे. ‘शोले’ हजार वेळा पाहून, त्यावर हजार रात्री बोलून, शेवटी कामगाराने असे म्हटले की हे सारे ठीक आहे, पण ह्यात आमचे गाव कोठे आहे?

आज तंबू विरळ झाले, पुष्कळ गावांतली जुनी चित्रपटगृहे बंद पडली. जो तो आपल्या हातातल्या फोनवर आपला सिनेमा पाहतो आणि आपले मत अंगठ्याने कळवितो. आम्ही त्याविरुद्ध तक्रार करावयास उभे नाही. पथारीवरची बाई दुपारच्या सुट्टीत फोनवर अहिराणी चित्रफिती पाहून हसते, तेव्हा आम्हांला बरेच वाटते. परंतु ट्रॉलीत एक गोष्ट होती ती फोनमध्ये नाही. तेथे म्हातारा, तरुण आणि पदराखाली पोर घेतलेली बाई एकाच वाटेने घरी जात होती. वाद झाला म्हणून कोणाला उडी मारून जाता येत नव्हते. आपल्याशी न पटणाऱ्याचे शेवटपर्यंत ऐकणे भाग होते, आणि सर्वांत शेवटी बोलणारीला तिचा मुद्दा सुचेपर्यंत अवकाश मिळत होता. अंगठ्याने दिलेले मत झटपट असते. अर्धा तास गप्प राहून दिलेल्या मताला त्यात जागा होत नाही.

शेवटी संयोजकांना एक विनंती करतो. ह्या सभागृहात अधूनमधून चित्रपट दाखविले जातात. ते संपले की दिवे लागतात, खुर्च्या सरकतात आणि लोक पांगतात. ह्यापुढे दिवे लागल्यावर अर्धा तास खुर्च्या हलवू नयेत. पाहुणे बोलावू नयेत, परीक्षकही नकोत. ज्यांनी पाहिला त्यांनीच बोलावे, आणि जे मागच्या रांगेत बसतात त्यांना आधी विचारावे. खर्च काही नाही. दाराशी मिरचीच्या पथारीवरील चार बाया बसलेल्या असल्या तर त्यांना तिकीट मात्र घेऊ देऊ नये, ते आमच्याकडे लागू.